सुई, तार आणि स्फटिक

एप्रिल १८२० मध्ये कोपनहेगनला व्याख्यान देताना हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी तारेतून वीज सोडली आणि जवळच्या होकायंत्राची सुई हलली. प्रवाह उलटा केला की सुईही उलट वळते, हे पुढच्या प्रयोगांत दिसले. वीज आणि चुंबकत्वाचे नाते उघड झाले. त्याच वर्षी तारेच्या वेटोळ्यात सुई ठेवून प्रवाह ओळखणारे उपकरणही तयार झाले.

तांब्याची तार दोन्ही दिशांना सारखीच वाट देते. काही स्फटिकांचे तसे नाही.

१८७४ मध्ये जर्मनीत फर्डिनांड ब्राउन यांनी गॅलेनासारख्या अर्धवाहक स्फटिकांवर तारेचे टोक टेकवले. प्रवाह एका दिशेने सहज गेला, उलट दिशेने अडला. प्रवाहाला एकाच दिशेने वाट देणाऱ्या डायोडचा मूळ गुण तो हाच. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेनाच्याच स्पर्शबिंदूवर विद्युतचुंबकीय लहरी टिपल्या. त्यासाठी १९०४ मध्ये मिळालेले अमेरिकी पेटंट हे अर्धवाहक उपकरणाचे जगातील पहिले पेटंट मानले जाते.