वडिलोपार्जित हत्यारांची ओळख

खंडेनवमीस सुताराच्या घरी हत्यारांची पूजा होते, हे ज्ञातिबांधवांस सांगावयास नको. परंतु ज्या हत्यारांस आपण हळदकुंकू वाहतो, त्यांची नावे व कामे आपल्यापैकी कितीजणांस सांगता येतील? रोहे येथील आमच्या चुलत्यांच्या पश्चात त्यांची पेटी आमच्याकडे आली, तेव्हा या प्रश्नापुढे आम्हीच निरुत्तर झालो. वाकस, पटाशी, रंधा, गुण्या ही ओळखीची मंडळी निघाली. कमान व दोरी यांवरून सामताही ध्यानात आला. राहिल्या दोन वस्तू.

पहिली शिसवी पट्टी. तिच्यावर २४ भाग पाडलेले; प्रत्येक भाग इंचाहून किंचित मोठा आणि एकंदर लांबी २७ इंच. चुलत्यांनी उमेदवारीत केलेली ही चुकीची मोजपट्टी असावी, असा निर्णय आम्ही देऊन टाकला! पुढे पेणेस मामांकडे जाणे झाले, तेव्हा पेटी बरोबर नेली. पट्टी हाती घेताच ते म्हणाले, "भाचेबुवा, हा गज आहे. चुकली ती तुमची फूटपट्टी." मुंबईकडील जुन्या मापात १६ तसूंचा हात व २४ तसूंचा गज, हात १८ इंचांचा, गज २७ इंचांचा. इंग्रजी अमलात फूट-इंच रूढ झाले, १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापांस मान्यता मिळाली, आणि तसू म्हणजे काय हे सांगणारी माणसे विरळ झाली. रोह्यास परतल्यावर आम्ही जुन्या घराची चौकट मोजली. फूटपट्टीने उंची साडेसदुसष्ट इंच व रुंदी पावणेचौतीस इंच, असे काहीतरी विचित्र येई. गजाने मोजता उंची बरोबर अडीच गज, रुंदी सव्वा गज! ज्या हातांनी ती चौकट बसविली, त्यांचे गणित त्या पट्टीत होते.

दुसरी वस्तू पटाशीसारखी, परंतु बोथट. तोंडाशी एक बारीक खाच, माथा ठोकून ठोकून फुललेला. हयगयीने धार गेलेली पटाशी समजून आम्ही पेणेस जाण्यापूर्वीच तिला सहाणेवर धार लावून आणली होती. मामांनी ती पाहिली व बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ते मचव्याच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासण्याचे हत्यार होते. धार असती तर कापूस तुटला असता, म्हणून ते जाणून बोथट ठेवीत.

कुंडलिकेच्या खाडीतून रोहे-अष्टमीपर्यंत आणि पेणजवळच्या अंतोरे बंदरापर्यंत पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते येत. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) भात व मीठ जलमार्गाने मुंबईस जाई. आमच्या घराण्याने घरे बांधली, गाड्यांचे तुंबे व आरे घडविले, एवढेच आम्ही ऐकून होतो. मचव्यांच्या डागडुजीचा उल्लेख आमच्या घरातील एकाही कागदात नाही. त्याचा पुरावा काय तो हा एक लोखंडी तुकडा, आणि त्याचेच तोंड आम्ही पैसे देऊन घासवून घेतले.

मामांनी कानस मागवून ती धार पुन्हा मोडून दिली. खाच मात्र गेली ती गेलीच.