पाय वाढतो, जोडा वाढत नाही

माझे बालपण मूल तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता. चंद्रपूरमधून तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. आमच्या वर्गात पायात चप्पल असलेली मुले दोन-चारच. मोहफुले वेचायला जंगलात जा, नाहीतर रोवणीच्या वेळी चिखलात उतरा, आम्ही अनवाणीच! पाचवीत मला पहिले बूट मिळाले. 'वाढत्या अंगाचा पोरगा' म्हणून वडिलांनी दोन नंबर मोठे घेतले आणि पुढे चिंध्या कोंबल्या. पुढे ते आखूड झाले, पण फाटले नव्हते. म्हणून आणखी वर्षभर घातले. माझी करंगळी आजही आत वळलेली आहे.

ही तक्रार जुनी आहे. जोडा पायासाठी नव्हे, फॅशनसाठी शिवला जातो, असे पीटर कॅम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाने १७८१ सालीच लिहून ठेवले होते.

मग अनवाणी राहणेच बरे काय? कर्नाटकातील राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पादत्राणे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के मुलांची पावले सपाट होती, अनवाणी मुलांत २.८ टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त, चप्पल-सँडलवाल्यांत कमी. सपाट पाऊल म्हणजे दरवेळी आजार नव्हे. पण मोकळ्या पायाचे स्नायू चांगले घडतात, एवढे यातून सुचते.

मात्र आमच्या रानात अनवाणी पायाची किंमतही मोजावी लागते. काटा, विंचू, साप तर आहेतच; शिवाय ओल्या मातीतली अंकुशकृमीची अळी तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरते आणि मूल रक्तक्षयाने फिकट पडते. आर्थर लूस या शास्त्रज्ञाला हा मार्ग इजिप्तमध्ये सापडला, तोही अळ्यांचे पाणी स्वतःच्या हातावर सांडल्यामुळे! अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ पासून या कृमीविरुद्ध मोहीम झाली. तिथे औषधाबरोबरच संडास आणि जोडे यांचाही प्रचार करावा लागला.

म्हणजे संरक्षण हवे, पण जखडणे नको. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे देण्याचे ठरवले. ज्या वर्गात दोन-चारच चपला होत्या, तिथला मी. मला याचे मोल कळते. पण बूट मिळाला म्हणजे काम संपले नाही.

मुलाला उभे करून दोन्ही पाय मोजा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा असू द्या. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत, टाच सुटता कामा नये. तळ बोटांपाशी वाकावा, मधोमध नव्हे. लहान मुलांचे माप दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघा. आणि घरात, स्वच्छ अंगणात त्यांना खुशाल अनवाणी खेळू द्या.

जोडा फाटला का, हे आपण बघतो. पाय वाढला का, हे आधी बघू या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)