शिवीतले जनावर आणि लऊळचा कूर्मदास

माणसाला जनावराच्या पंगतीला बसवून त्याचा पाणउतारा करण्याची रीत मराठी मुलखात किती जुनी आहे, याचा सर्वांत टणक पुरावा दगडावर कोरलेला सापडतो. शिलाहारांच्या काळापासून पुढे कित्येक शतके उभारल्या गेलेल्या ‘गद्धेगाळ’ नावाच्या दानशिळांवर माथ्याशी चंद्रसूर्य, मधे दानाचा मजकूर आणि तळाशी स्त्री व गाढव यांचे शिल्प असते. ‘गाळ’ म्हणजे शिवी. दिलेले दान जो मोडील त्याच्या आईला गाढवाचा शाप लागो, असा तिचा आशय असून, अक्षरओळख नसलेल्यालाही तो कळावा म्हणून चित्र कोरले जाई. अलिबागजवळच्या आक्षी येथील, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जाणारा लेख याच प्रकारात मोडतो. अपराध मुलाचा आणि विटंबना आईची, ही त्यातली दंडनीती क्रूर होती, हे नोंदवलेच पाहिजे.

भीमा आणि सीना यांच्या पट्ट्यातील माढा तालुक्यात, तसे सगळ्याच शेतकरी मुलखात, बोलण्यातली जनावरे गोठ्यातून आणि शिवारातून आलेली आहेत. दूध न देणारा, फारसा कामालाही न येणारा म्हशीचा नर तो ‘टोणगा’, म्हणून अंगाने वाढलेल्या पण कामाला हात न लावणाऱ्या पोराला तेच नाव. भित्र्याला शेळीवरून ‘शेळपट’. आणि ढोलकीच्या गुबुगुबु आवाजावर, अंगावर रंगीत झूल घेऊन, धन्याच्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलावणाऱ्या बैलावरून होयबा माणसाला ‘नंदीबैल’. युरोपात ज्ञानाचे चिन्ह ठरलेले घुबड मराठीत अशुभ व ओंगळ मानले जाते, यावरून अशी नावे प्राण्याच्या स्वभावापेक्षा समाजाच्या नजरेतून घडतात हे दिसते. ज्या खिलार बैलाच्या खांद्यावर या भागाची शेती उभी राहिली आणि ज्याची वर्षातून एकदा पूजा होते, त्याच्याच नावाने मठ्ठ माणसाला हिणवावे, ही मात्र उघड कृतघ्नता आहे.

वारकरी परंपरेने या शब्दांची धार उलटी फिरवली. पैठणच्या कथेत, समोरच्या रेड्याचे नावही ज्ञानाच आहे असे म्हणून ज्ञानदेवांना हिणवले गेले आणि त्याच रेड्याच्या मुखातून वेद उमटले. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे भाविक आजही दाखवतात. माढा तालुक्याची स्वतःची कथा लऊळची आहे. ‘कूर्म’ म्हणजे कासव. ते नाव धारण करणारा, हातपाय नसलेला कूर्मदास पैठणहून पोटावर सरपटत पंढरीला निघाला, लऊळला येऊन थकला, एकादशीला पोचणे होणार नाही असे कळताच त्याने निरोप धाडला आणि विठ्ठल स्वतः त्याच्या भेटीला निघाला, वाटेत अरणला सावता माळ्यालाही भेटला, असे परंपरा सांगते. सरपटणाऱ्या देहाला कासव म्हणून हिणवणे सोपे होते; इथे तेच नाव संताचे झाले. लऊळला कूर्मदासाची समाधी आहे आणि पंढरीला जाणारे वारकरी तिच्यापुढे माथा टेकतात.