संगणकाची बॅटरी आणि माहितीचे जतन : एक ऐतिहासिक टिपण

१९८४ मध्ये आयबीएम कंपनीने ‘पीसी एटी’ हा संगणक बाजारात आणला. त्यातील हार्ड डिस्कच्या प्रकाराची नोंद घड्याळ-चिपमधील अवघ्या ६४ बाइट स्मृतीत असे व संगणक बंद असताना ती लिथियम बॅटरीवर टिकून राही. बॅटरी संपली, की नोंद पुसली जाई. संगणक सुरू होताना १६१ हा त्रुटी-क्रमांक दिसे आणि हार्ड डिस्क वापरता येत नसे. वस्तुतः तिच्यावरील माहिती सुरक्षितच असे. बॅटरी बदलून योग्य प्रकार-क्रमांक पुन्हा भरणे, हाच त्यावरील उपाय होता. पुढे आयडीई डिस्क स्वतःची रचना स्वतःच कळवू लागल्याने हे अवलंबित्व घटले. माध्यमाइतकेच त्याच्या वाचनासाठी लागणाऱ्या नोंदींचे जतनही महत्त्वाचे ठरते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.