झटका मशीन, खारं पाणी आणि मुंबईची ट्राम

आमच्या वेल्ह्याकडे भातात रानडुकरं घुसतात, म्हणून शेताला झटका मशीनची तार लावतात. पावसात गवत वाढून तारेला टेकलं की झटका मरतो. करंट ओल्या गवतातून सरळ जमिनीत! सुट्टीत घरी गेले की ते गवत कापायचं काम माझं.

आजोबा १९६० च्या सुमारास मुंबईत गिरणीत होते. ट्रामच्या टपावरचा दांडा वरच्या तारेला घासत जायचा, हे ते अजून हाताने करून दाखवतात. मला प्रश्न पडायचा, खाली दोन लोखंडी रूळ आयते असताना वर तार कशाला?

तर रुळांतून वीज देऊन झालेली आहे, तीही समुद्रकिनारी. इंग्लंडमधल्या ब्रायटनला ४ ऑगस्ट १८८३ रोजी माग्नुस फोल्क याने दोन फूट रुंदीच्या रुळांवर विजेची छोटी गाडी सुरू केली. गॅसच्या इंजिनावर डायनामो, दाब फक्त ५० व्होल्ट. एका रुळातून करंट यायचा, दुसऱ्यातून परत जायचा. पुढच्या वर्षी मार्ग वाढवला, रुळांमधलं अंतर वाढवलं आणि दाब १६० व्होल्ट केला. पण रूळ जमिनीलगत, वर खारा ओलावा, म्हणजे आमच्या गवतासारखीच गत. दाब वाढला की गळतीही वाढते. शेवटी १८८६ मध्ये विजेसाठी तिसरा रूळ वेगळा टाकावा लागला. ही गाडी आजही धावते.

मुंबईत हा उपाय चालणारा नव्हता. इथे १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या, रूळ भर रस्त्यात, त्यावरून माणसं आणि बैलगाड्या जाणार. त्यामुळे ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली ती डोक्यावर तार घेऊनच. करंट तारेतून यायचा आणि रुळांतून परत जायचा. रुळाचा दाब जमिनीच्या जवळपास असल्याने झटक्याची भीती नाही.

पण गळती संपत नाही, बरं का! रुळातला थोडा करंट ओल्या मातीतून पाण्याच्या नळात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथलं लोखंड विरघळवतो. शाळेतलं इलेक्ट्रोलिसिस, फक्त बीकरऐवजी अख्खं शहर. म्हणूनच ब्रिटनमध्ये नियम होता की परतीच्या रुळांत ७ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही.

३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. आजोबांना रूळ, नळ, व्होल्ट सगळं समजावलं. ते म्हणाले, "ते असू दे, तारेखालचं गवत कापलंस का?"