जुहूहून गेलेलं एक पत्र

प्रकरणाचा मसुदा गाइडना दाखवायचं मी महिनाभर टाळतोय. तेवढ्यात इथे संभाजीनगरला ग्रंथालयात गांधीजींच्या समग्र वाङ्मयात 22 मार्च 1924 चं एक छोटं पत्र सापडलं.

ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, 5 फेब्रुवारीला येरवड्याच्या शिक्षेतून सुटका झाली आणि गांधीजी विश्रांतीला जुहूला आले. तिथून हे पत्र रोमाँ रोलाँ यांना गेलं. 1914 मध्ये युरोप युद्धाने पेटलेला असताना स्वित्झर्लंडमध्ये बसून युद्धाविरुद्ध लिहिणारे, त्यापायी मायदेशात शिव्या खाल्लेले हे फ्रेंच लेखक. त्यांनी भारत न पाहताच गांधीजींवर पुस्तक लिहिलं. इंग्रजीही धड येत नव्हतं, मदतीला बहीण मादलेन. चुका राहिल्याची रुखरुख त्यांनी कार्डावर कळवली. गांधीजींचं उत्तर साधारण असं: राहिल्या तर राहिल्या, एवढ्या लांबून लिहून इतक्या कमी कशा, याचंच नवल!

वाचून मला जरा धीर आला, खोटं कशाला बोलू.

पण एक गोष्ट खटकते. 1918 मध्ये हेच गांधीजी खेडा जिल्ह्यात ब्रिटिश सैन्यासाठी भरती करत हिंडले होते. पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. तो प्रश्न पुढे डच युद्धविरोधक बार्ट द लिख्त यांनी उघड विचारला. 1928 मध्ये 'यंग इंडिया'त गांधीजींनी उत्तर दिलं: युद्धाचा तिटकारा तेव्हाही होता, पण साम्राज्य शेवटी भलं करील असं वाटत होतं. मला हे उत्तर अपुरं वाटतं.

रोलाँ आणि गांधीजी डिसेंबर 1931 मध्ये व्हिलनव्हला भेटले. दुभाषाचं काम करायला तेव्हाही मादलेन होतीच.