तुकड्यांचे गणित आणि अखंड चित्र

जालना शहरातून वाहणारी कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. गोदावरीचे सगळे खोरे नकाशावर पाहिले, तर एका खोडाला फुटलेल्या फांद्यांसारखे ते दिसते. त्यातून दुधनेचे खोरे तेवढे वेगळे काढून पाहावे. पुन्हा तेच खोड आणि त्याच फांद्या. कुंडलिकेला मिळणारे ओढेनाले पाहिले तरी आकृतीचा घाट बदलत नाही, बदलते ते माप. ज्या आकृतीच्या अंशातही पूर्णाचीच घडण पुनःपुन्हा भेटते, तिला गणितज्ञ ‘फ्रॅक्टल’ म्हणतात. बेन्वा मांदेलब्रो यांनी हा शब्द १९७५ साली ‘मोडलेला’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून बनविला. अशा आकृती माणसाच्या दृष्टीस कशा पडू लागल्या आणि त्यासाठी एका यंत्राचे काम अनेक यंत्रांत कसे वाटले गेले, याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. त्याचा आरंभ परदेशी झाला, पण त्यातला एक टप्पा आपल्या पुण्यात आहे, आणि त्यातून घ्यावयाचा बोध थेट आपल्या शिवारापर्यंत येतो.

प्रथम लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज हवामानशास्त्रज्ञाचे स्मरण करावयास हवे. हवामानाचा अंदाज गणिताने कसा बांधावा, यावर त्यांनी १९२२ साली ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एक विलक्षण कल्पना मांडली. नाट्यगृहासारखे एक प्रचंड दालन, भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, आणि ६४,००० माणसे आपापल्या वाट्याच्या प्रदेशाचे हवामान आकडेमोडीने काढीत बसलेली. मध्यभागी उंच जागी एक नियंता, जो पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी आणि मागे रेंगाळणाऱ्यांवर निळा प्रकाश टाकील! संगणक जन्मण्यापूर्वीच काम वाटून घेणाऱ्या गणनेचे हे स्वप्न होते.

याच गृहस्थांनी पुढे देशांच्या सीमांची लांबी तपासली. स्पेन आणि पोर्तुगाल यांची सामाईक सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्या ठिकाणी १,२१४ किलोमीटर नोंदलेली त्यांना आढळली. लबाडी कोणाचीच नव्हती. मोजपट्टी जितकी आखूड, तितकी अधिक वळणे तिच्यात सापडतात आणि लांबी वाढत जाते. १ मे १९८१ रोजी आपला जालना जिल्हा स्वतंत्र झाला. त्याची सीमा आखूड पट्टीने, बांधाबांधाने मोजू गेल्यास हाच अनुभव येईल. रिचर्डसन १९५३ साली वारले. त्यांचे हे काम १९६१ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच्याच आधारे मांदेलब्रो यांनी १९६७ साली ब्रिटनचा किनारा किती लांब, असा साधा दिसणारा प्रश्न विद्वानांपुढे टाकला.

मांदेलब्रो यांचे नाव ज्या आकृतीला मिळाले, तिचे बीज मात्र आणखी जुने आहे. गास्तों ज्यूलिया आणि पिएर फातू या फ्रेंच गणितज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच तिचा पाया घातला होता. पण आकृती काढून पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ते साधन १९८० साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या संशोधनकेंद्रात मांदेलब्रो यांना लाभले. नियम शाळकरी मुलालाही कळावा असा आहे. एक संख्या घ्या. शून्यापासून निघा, हाती असलेल्या संख्येचा वर्ग करा, त्यात घेतलेली संख्या मिळवा आणि हेच पुनःपुन्हा करीत राहा. संख्या १ घेतली, तर १, २, ५, २६ अशी ती उधळत जाते. उणे १ घेतली, तर उणे १ आणि शून्य यांच्यातच ती कायमची घुटमळते. कागदाच्या प्रत्येक बिंदूला एकेक संख्या नेमून द्यावी. जी घुटमळते तिचा बिंदू काळा करावा, जी उधळते तिला किती पावलांत उधळली त्याप्रमाणे रंग द्यावा. एवढ्याने जे चित्र उमटते, त्याची कड कितीही जवळ जाऊन पाहिली तरी नव्या वेली, नवी बेटे आणि मूळ आकृतीच्या चिमुकल्या प्रती दाखवीतच राहते.

पहिली चित्रे ओबडधोबड होती. मुख्य आकृतीपासून सुटे ठिपके त्यांत दिसत, आणि त्यांवरून हा संच तुटक असावा असा मांदेलब्रो यांचा प्रथम समज झाला. १९८२ साली आद्रियाँ दुआदी आणि जॉन हबर्ड यांनी तो एकसंध असल्याचे सिद्ध केले. ठिपक्यांना जोडणारे तंतू इतके सूक्ष्म की ते चित्रात उतरलेच नव्हते. डोळ्यांनी प्रश्न उभा केला, पण निवाडा सिद्धतेने दिला. चित्र पाहून हुरळून जाणाऱ्याने हा दाखला विसरू नये.

आता कष्टाचा हिशेब पाहा. रुंदीत ५०० आणि उंचीत ५०० बिंदूंचे लहानसे चित्र घेतले तरी २,५०,००० बिंदू झाले. प्रत्येकाला हजार पावलांपर्यंत तपासावयाचे, तर गणना २५ कोटी पावलांच्या घरात जाते. आणि जरा आत डोकावावयाचे म्हटले की सारे पुन्हा पहिल्यापासून. परंतु या गणितात एक मोठी सोय आहे. एका बिंदूचे भवितव्य शेजारच्या बिंदूवर मुळीच अवलंबून नाही. म्हणून हे काम वाटून देता येते.

जालनेकरांस ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाण्याची कंपनी काढली आणि पुढे जालन्याचे नाव संकरित बियाण्यासाठी देशभर झाले. बियाणे वाढते ते शेतकऱ्यांच्या लहान लहान प्लॉटांत. कंपनीने नरमादीचे वाण द्यावे, शेतकऱ्याने हातांनी फुलोफूल संकर करावा, आणि शेवटी सारा माल एका ठिकाणी जमावा. दोन प्लॉटांत अंतर राखावे लागते, ते अशासाठी की एकाचा पराग दुसऱ्यात मिसळू नये. चित्राच्या बिंदूंना हे अंतर निसर्गतःच मिळालेले आहे. ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश गणकचकत्या एकमेकींना जोडून असे काम करणाऱ्या कारागिरांनीही या पद्धतीला इंग्रजीत ‘शेत’ असेच नाव दिले. मात्र तेथे समान वाटणी करून भागत नाही. काळ्या भागाच्या ओळी सर्वांत अधिक वेळ खातात. म्हणून मुख्य यंत्राने ओळींचा ढीग जवळ ठेवावा, आणि ज्याच्या हातचे संपले त्याने पुढची ओळ उचलावी, अशी रीत पडली.

याच ट्रान्सप्युटरांनी आपल्या देशाची एक अडचण निवारली. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेने बलाढ्य संगणक देण्यात हात आखडता घेतला. हवामानाच्या कामासाठी एक दिला, तोही अटी घालून. तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सीडॅक, उभे राहिले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले विजय भटकर त्याचे प्रमुख होते. एक अजस्र यंत्र बनविण्याऐवजी त्यांनी लहान यंत्रांची जूट बांधली, आणि १९९१ साली ६४ ट्रान्सप्युटरांचा ‘परम ८०००’ सिद्ध झाला. जे एकट्या यंत्राकडून विकत मिळेना, ते अनेकांच्या सहकाराने साधले.

पुढे यंत्रे स्वस्त झाली आणि पाहणाऱ्याच्या हातीच सुकाणू आले. यान हुबिचका आणि टॉमस मार्श यांनी १९९६ साली केलेल्या, ‘केऑस’ असा उच्चार असलेल्या प्रोग्रॅमात बोट दाबावे आणि चित्रात आत आत शिरत जावे अशी सोय झाली. मागच्या चित्राचे गणित पुढच्यास वापरून तो वेळ वाचवी. १९९९ साली अमेरिकेतून ‘सेटी ॲट होम’ हा उपक्रम निघाला आणि अंतराळातील संकेत चाळण्याचे काम तो २०२० पर्यंत लाखो घरांतील संगणकांना वाटीत राहिला.

पण सगळेच काम असे वाटता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. रिचर्डसनच्या दालनातील माणसाला शेजाऱ्याचा आकडा कळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नव्हते. कारण वारा सीमा ओळखत नाही. नदीचे गणित या दोहोंच्या मध्ये पडते. पाणलोटापुरता प्रत्येक ओढ्याचा हिशेब त्या त्या गावाला स्वतंत्रपणे ठेवता येईल. संगमावर मात्र वरच्यांचे आकडे येईपर्यंत खालच्याला थांबावेच लागते. २०१२-१३ चा दुष्काळ ज्या जिल्ह्याने सोसला, त्याला हा भेद केवळ पुस्तकी वाटू नये. आपल्या नाल्याचे पाणी आपण मोजावे आणि तो आकडा खालच्या गावाला प्रामाणिकपणे द्यावा, एवढे शिस्तीचे काम लहानात लहान गावालाही जमण्यासारखे आहे. ते गावोगावी होईल तेव्हाच कुंडलिकेचे चित्र पुरे होईल.